हरभऱ्याची राखण

बालाघाटाच्या उतारावर वाढलेल्या आमच्या पिढीला हे कुणी वेगळं सांगायला नको. दसरा उलटला, हरभऱ्याची पेरणी आटोपली, की मुकादमाची उचल घेतलेली घरची कर्ती माणसं बैलगाडीत संसार भरून ऊसतोडीला निघायची. मागं उरायचो आजी, आबा आणि आम्ही चुलत-सख्खी भावंडं. आणि नेमके त्याच दिवसांत ससे रानात उतरायचे.

माळावरचं पावसाळी गवत तोवर वाळलेलं असे. हिरवं काय ते शेतातच. ससा बीळ करत नाही. दिवसभर तरवडाच्या आडोशाला, गवतातल्या उथळ खळग्यात अंग दाबून बसतो आणि दिवस मावळला की बाहेर पडतो. सकाळी आबा बांधालगतच्या तासांत ओणवे होऊन एकेक रोप पाहत. खोड सुरीनं कापल्यासारखं तिरपं तुटलेलं दिसलं, शेजारी गोल लेंड्या पडलेल्या असल्या, की खूण पटायची. पुढं हरभरा वाढल्यावर आजी स्वतःच शेंडे खुडून भाजीला आणायची. खुडल्यानं त्याला फांद्या जास्त फुटतात. पण दोन-चार पानांचं रोप बुडातून गेलं, की ते पुन्हा फुटून सावरेल याचा भरवसा नसे. आमचं रान जिरायत. वरची ओल उडालेली, मग नांगे भरायचे कशाच्या जिवावर? गेलं ते गेलंच.

म्हणून राखण. बांधाच्या कडेनं काठ्या रोवून आजीची जुनी लुगडी बांधलेली, खोपीत घोंगडी, हाताशी गोफण आणि रिकामा पत्र्याचा डबा. आबा मधूनच उठून हाळी देत, आम्ही डबा वाजवायचो. झोप अनावर झाली की आजी म्हणायची, "निजा रं लेकरांनो, मी हाय जागी." दिवसभर तीच निंदायची, स्वयंपाकही तिचाच. ती कधी झोपायची, हे तेव्हा आमच्या कुणाच्या मनातही आलं नाही.

एकदा निंदताना सशाचं पिल्लू सापडलं. जन्मतःच त्यांचे डोळे उघडे असतात, अंगावर लव असते. आम्ही उचलायला धावलो. आजीनं हात धरला. "तिन्हीसांजंला आई येती त्याची पाजायला. ऱ्हाऊ द्या." आमचे आईबाप चार जिल्हे पलीकडं फडात होते. आम्ही मुकाट्यानं मागं सरलो. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं विनापरवाना शिकारीला बंदी घातली होती, तरी कुठं कुठं वाघर (सशाचं जाळं) लागायची. आमच्या बांधावर आबांनी ती कधी लावू दिली नाही.

आता राखणीला घरात माणूस उरत नाही. कुणी झटका यंत्राची तार ओढतं, तर कुणी थेट वीजच सोडतं. त्या तारेला चिकटून जनावरं मरतात, माणसंही मरतात. पिकाच्या काळजीपोटीच हे घडतं, हे आम्हाला कळतं. तरी ते मन मान्य करत नाही.

उसाच्या पैशातून उचल फिटायची. वर्षाची डाळ घरात यायची ती मात्र खोपीतल्या जागरणातून. आईबापांच्या कष्टाची नोंद निदान मुकादमाच्या वहीत होती; आजी-आबांच्या राखणीची कुठंच नाही. आमच्या पोरांना ती ठाऊक असायला हवी, कारण कर्ती माणसं दूर असताना घर त्या दोघांनी सांभाळलं.