फाईल ब्राउझरच्या हाती द्या

वेब ॲप्लिकेशनमधलं 'डाउनलोड'चं बटण म्हणजे किरकोळ काम, असा आमच्या क्षेत्रात समज आहे. नव्याने रुजू झालेल्या मुलाकडे ते सोपवलं जातं. मला मात्र ते फार महत्त्वाचं वाटतं. पगाराची स्लिप, परीक्षेचं हॉलतिकीट, जमिनीचा उतारा यांच्यासाठीच तर माणूस साइटवर येतो. बाकीच्या पानाशी त्याला काही देणंघेणं नसतं.

हल्ली रूढ झालेली पद्धत अशी: बटण दाबलं की पानातली जावास्क्रिप्ट 'फेच' वापरून सर्व्हरकडून फाईल मागवते. उत्तर येतं ते पानाच्या मेमरीत. ब्राउझरच्या लेखी तो नुसता डेटा असतो, डाउनलोड नव्हे. मग त्याचा 'ब्लॉब' करायचा, ब्लॉबला तात्पुरता पत्ता द्यायचा, त्या पत्त्याची अदृश्य लिंक बनवून तिला 'डाउनलोड' हे ॲट्रिब्यूट लावायचं आणि कोडनेच तिच्यावर क्लिक करायचं. ऑफिसातल्या वेगवान नेटवर दोन पानी पीडीएफ झटकन उतरते आणि डेमो पार पडतो.

आता ८० एमबीची फाईल, साधा मोबाईल आणि सारखी येणारी-जाणारी रेंज घ्या. फाईल पूर्ण येईपर्यंत ब्राउझरच्या डाउनलोड यादीत काहीच दिसत नाही. पडद्यावर हालचाल नाही म्हणून माणूस पुन्हा बटण दाबतो, आणि सर्व्हर तोच अहवाल पुन्हा तयार करायला घेतो. शेवटी शेवटी रेंज गेली तर आलेलं सगळं वाया. त्याहून वाईट म्हणजे, सर्व्हरने फाईलऐवजी एररचा मजकूर पाठवला आणि कोडने स्टेटस तपासलं नाही, तर तो मजकूरच पीडीएफच्या नावाने सेव्ह होतो. फाईल उघडत नाही, आणि बिचारा माणूस आपल्या मोबाईललाच दोष देतो.

यातलं बहुतेक काम ब्राउझर स्वतःच उत्तम करतो. बटणामागे सरळ लिंक ठेवा आणि सर्व्हरच्या 'कंटेंट-डिस्पोझिशन' हेडरमध्ये 'अटॅचमेंट' लिहा. ब्राउझर फाईल थेट डिस्कवर उतरवतो, 'कंटेंट-लेंग्थ' मिळाली तर किती टक्के झालं ते दाखवतो, आणि सर्व्हर 'रेंज' विनंती मानत असेल तर तुटलेलं डाउनलोड तिथून पुढे सुरू करू शकतो.

लॉगिनचं टोकन हेडरमधून जात असेल तर साध्या लिंकला ते जोडता येत नाही, ही अडचण खरी आहे. फेचचा वळसा घेतला जातो तो बहुधा याचसाठी. त्यावर कुकी हा एक मार्ग. दुसरा, मला अधिक आवडणारा: सर्व्हरकडून आधी त्या एकाच फाईलपुरता, थोड्या मुदतीचा, सही केलेला पत्ता घ्यायचा आणि ब्राउझरला तिकडे पाठवायचं. मुदत मात्र इतकी हवी, की तुटलेलं डाउनलोड पुन्हा सुरू करता येईल. मूळ टोकनच पत्त्यात घालू नका. ते सर्व्हरच्या लॉगमध्ये उघडं पडून राहतं.

ब्लॉब टाकाऊ नाही. कॅनव्हासवर काढलेलं चित्र किंवा पानातच तयार झालेला तक्ता यांना सर्व्हरकडे जायचं कारणच नाही. तिथे तोच योग्य.

राहिलं फाईलचं नाव. त्याकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होतं. मोबाईलमध्ये 'डाउनलोड (३)' नावाच्या पीडीएफमधून आपला उतारा शोधणाऱ्याचे हाल बघा. मराठी नाव देण्याची रीतसर सोय २०११ च्या 'आरएफसी ६२६६'मध्ये आहे: 'फाईलनेम' या शब्दापुढे तारांकन, मग 'यूटीएफ-८' आणि टक्केचिन्हांत बांधलेलं नाव. 'उतारा' या शब्दाचे १५ बाइट होतात आणि बांधल्यावर ४५ अक्षरं. वाचणाऱ्याला मात्र 'उतारा'च दिसतो. फक्त '७/१२' नावात तसंच घालू नका. तिरपी रेघ ही फोल्डर वेगळे करणारी खूण असल्याने ती फाईलच्या नावात चालत नाही; तिथे '७-१२' लिहा.

तुमच्या हाती असं एखादं बटण असेल तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करा, ते दाबा आणि फाईल पूर्ण उतरेपर्यंत स्वतः वाट बघा. मगच ते लोकांच्या हाती द्या.