डिफॉल्ट ठरवला कोणी?

‘डिफॉल्ट’ हा शब्द आपण फार भाबडेपणाने वापरतो, जणू तो आकाशातून पडला आहे. मनोरीत आम्ही काही जण जुन्या जयंती स्मरणिकांच्या फायली वाचवतो आहोत. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या. नव्या संगणकावर उघडल्या की अक्षरांचा चुरा होतो. म्हणून फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेला क्यूईएमयू हा एम्युलेटर घेतला आणि त्यात विंडोज ९८ बसवले.

काही न सांगता चालवला तर तो पीसीला १२८ एमबी मेमरी देतो, वर फ्लॉपी, सीडी, सिरियल पोर्टही जोडतो. हे कोणीतरी कोडमध्ये लिहिले आहे. त्याची उतरंड (हा शब्द आला की आपले कान टवकारतातच) अशी: तळाशी उपकरणाच्या मूळ किमती, त्यावर यंत्राच्या आवृत्तीची यादी, त्यावर वापरणाऱ्याने ‘-ग्लोबल’ने दिलेली किंमत, आणि ‘-डिव्हाइस’ लिहून त्या एकाच उपकरणाला दिलेली किंमत सर्वांच्या वर. शेवटचा शब्द वापरणाऱ्याचा. ही उतरंड चढता येते, एवढाच फरक!

‘-नोडिफॉल्ट्स’ लिहिले तर न मागितलेली उपकरणे येतच नाहीत.

मूळ किंमत पुढे बदलली, तर जुन्या यंत्रांसाठी जुनी किंमत वेगळ्या यादीत नोंदवतात. आम्ही म्हणूनच नुसते ‘पीसी’ लिहीत नाही. ते नाव क्यूईएमयू नवा झाला की नव्या यंत्राकडे सरकते. आवृत्तीसकट पूर्ण नाव लिहितो.

एका साथीचे म्हणणे, बदल थेट मूळ कोडमध्येच करू, सोपे पडेल. आम्हाला ते पटले नाही. मूळ किंमत एका जागी, आपला बदल वेगळ्या फायलीत, शेजारी कारण. नाहीतर वर्षभराने मूळचे कोणते आणि आपले कोणते हेच कळत नाही, आणि मग ‘पहिल्यापासून असेच आहे’ म्हणत लोक त्यालाच हात जोडतात. हा युक्तिवाद आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे.

संविधानाची मांडणी इथे आठवते. अनुच्छेद ३७२ जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवतो. अनुच्छेद १३ मात्र मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढा भाग रद्दबातल ठरवतो. वरचढ कोण, हे लेखी आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृती जाळली, तिथे तर डिफॉल्टची यादीच नाकारली होती.

सध्या आमच्या फायलीत मेमरी २५६ एमबी आहे, कारण शेजारी लिहिले आहे. १९९९ ची स्मरणिका उघडली. छपाई अजून अडते आहे. येत्या रविवारी प्रिंटर पोर्टची ओळ त्यात घालून पाहू.