कॅरियर

माणसाच्या नोकरीधंद्यालाही करिअर म्हणतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर कॅरियर म्हणजे बाबांच्या ॲटलास सायकलच्या मागच्या चाकावरची लोखंडी जाळी. तिच्यावर दुमडलेलं पोतं, पोत्यावर मी. कळंबकडून यवतमाळकडे येणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. बाजाराच्या दिवशी बाबा निघाले की आई मला उचलून मागे बसवायची आणि हळूच सांगायची, "बापाच्या मांगं मांगं राह्य. कुठी थांबला त मले सांगजो."

बाबा कुठे थांबतात हे तिला चांगलं माहीत होतं. एका जिनिंगच्या भिंतीला लागून कडूनिंब होता, त्याखाली तीन पत्तीचा डाव बसायचा. दारूला बोटही न लावणारा हा माणूस पत्त्यांपुढे मात्र पाघळायचा. मी सोबत असलो की बाबा निंबापाशी सायकल हळू करत, मागे वळून माझ्याकडे बघत, आणि मग आमच्यात न बोलता सौदा ठरे. मला तर्रीतला आलूबोंडा, त्यांना अर्धा तास. घरी मी सांगायचो, "कुठीच नाई थांबलो." सात-आठ वर्षांच्या पोराला पहारेकरी नेमलं की तो चोराला सामील होणारच.

परत येताना बाबांना बोलायची हुक्की यायची. टुरिंग टॉकीजच्या तंबूत त्यांनी 'दो बिघा जमीन' पाहिला होता. चढावर धापा टाकत ते त्याची गोष्ट सांगत: बलराज साहनी कलकत्त्यात माणसानं ओढायची रिक्षा ओढतो, आणि पोरगा बूटपॉलिश करतो. पोराचं सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. ही गोष्ट त्यांच्यापर्यंत किती लांबून आली होती हे त्यांना ठाऊक नव्हतं. जानेवारी 1952मध्ये मुंबईत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तिथे वित्तोरिओ दे सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' दाखवला गेला आणि तो पाहून बिमल रॉय हलून गेले. पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. रोमहून निघालेला एक बाप आणि एक पोरगा मुंबईमार्गे कळंबच्या रस्त्यावर पोचले होते, तेही सायकलवरून.

1985च्या मृगात पेरलं, आणि पाण्यानं दडी मारली. दुबार पेरणीला सरकी हवी होती. दुकानदारानं उधारी नाही म्हटलं. बाबांनी सायकल भिंतीला टेकवली, खिशातून कुलपाची किल्ली काढून गल्ल्यावर ठेवली. दुकानाच्या मागल्या खोलीत सायकल ठेवायला त्यांच्यासोबत मीही गेलो. तिथे आणखी सायकली होत्या, दहा-बारा तरी. प्रत्येकीच्या हँडलला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. एक पाण्याची मोटर, दोन तांब्याची घंगाळं. आमच्या हँडलवरची चिठ्ठी दुकानदारानं लिहिली, बाबांनी बांधली. गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला. घरी आम्ही पायी आलो, आणि त्या दिवशी आलूबोंडा नव्हता.

कापूस फेडरेशनला घातला, चुकारा यायला उन्हाळा उजाडला, मग सायकल सुटली. ती परत आल्यावर घंटी वाजत नव्हती, एवढंच.

पुढे पुण्यात शिकायला गेलो. एका फिल्म क्लबात, पंखे नसलेल्या हॉलमध्ये, 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला. ज्याची सायकल चोरीला गेली तो आंतोनिओ शेवटी स्वतःच सायकल चोरतो, लोक त्याला पकडतात, आणि छोटा ब्रुनो रडत बापाचा हात धरतो. सगळा हॉल त्या हाताशी रडला. मी आधीच रडून बसलो होतो, सुरुवातीच्या गहाणखान्यात. पोस्टर चिकटवायच्या नोकरीसाठी सायकल हवी आणि ती गहाण पडलेली, म्हणून आंतोनिओची बायको मारिया पलंगावरच्या चादरी काढते आणि गहाण टाकायला आणते. तिथला माणूस गाठोडं घेऊन मांडणीवर चढत जातो आणि आपल्याला दिसतं की वर छतापर्यंत तशीच गाठोडी रचलेली आहेत. अख्ख्या रोमच्या चादरी. मला चिठ्ठ्या बांधलेल्या सायकली दिसल्या.

त्यानंतर दे सिका माझ्या मागेच लागला, की मी त्याच्या. 1901 साली सोरा गावात जन्मलेला हा देखणा माणूस आधी हलक्याफुलक्या सिनेमांतला गाणारा नायक होता. गरिबांचे सिनेमे काढायला निघाला ते पटकथाकार चेझारे झवात्तिनीच्या संगतीनं. 'शूशाइन' 1946चा, 'बायसिकल थीव्ह्ज' 1948चा. आंतोनिओच्या कामासाठी त्यानं लाम्बेर्तो माज्जोरानी हा कारखान्यातला कामगार निवडला. एका अमेरिकन निर्मात्यानं कॅरी ग्रँटला घ्याल तर पैसे देतो म्हटलं होतं असं सांगतात. कॅरी ग्रँटची सायकल चोरीला गेली असती तर त्यानं टॅक्सी केली असती. 1952चा 'उंबेर्तो डी' त्यानं वडिलांच्या नावे अर्पण केला. मला स्वतःला तो 'बायसिकल थीव्ह्ज'हूनही जवळचा वाटतो. तेव्हाचे एक उपमंत्री, आंद्रेओत्ती, मात्र चिडले. देशाची धुणी जगाच्या चव्हाट्यावर का धुता, असा त्यांचा सूर होता. आपल्याकडेही हा सूर अनोळखी नाही.

आणि दे सिका जुगारी होता! हे वाचलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो. कॅसिनोत हरायचा आणि ते भरून काढायला कुणाच्याही कसल्याही सिनेमात काम करायचा. 1954च्या 'गोल्ड ऑफ नेपल्स'मध्ये तो स्वतःच एक जुगारी सरदार झालाय. बायकोनं पैसे काढून घेतलेत, म्हणून तो दारवानाच्या लहान पोराला पकडून पत्ते खेळतो आणि दर डावाला हरतो. पोरगं पार कंटाळलेलं. तो प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन याचा हिशेब नाही. निंबाखाली बसून मीही असाच कंटाळायचो.

2009 साली सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' पाहायला बसलो ते आपल्याकडची बोली ऐकायला मिळेल म्हणून. विदर्भातलं गाव, कापूस, न येणारा पाऊस. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केलीय आणि अलकाच्या, म्हणजे सोनाली कुलकर्णीच्या, मनात धास्ती बसलीय की आपला किसनाही असंच काही करेल. ती लहानग्या दिनूला बापाच्या मागे लावते. गिरीश कुलकर्णीचा किसना जाईल तिथे हे पोरगं. त्याला कळत नाही की पोरगं का चिकटलंय. लोक हसत होते, आणि हसण्यासारखं होतंच ते. माझं हसू अर्ध्यात थांबलं.

कारण मला 1986 आठवलं. त्या वर्षी 19 मार्चला चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पवनारजवळ बायको आणि चार मुलांसह मरण पत्करलं. आमच्याच जिल्ह्यातला शेतकरी. ती बातमी गावोगाव पोचली, मोठी माणसं ओट्यावर खालच्या आवाजात बोलत बसली. आणि त्यानंतर आई मला बाजाराच्या दिवसाशिवायही पाठवू लागली. वावरात, विहिरीवर, संध्याकाळी बाबा नुसतेच उठून कुठे निघाले तरी. शब्द तेच, बापाच्या मांगं मांगं राह्य. मी अकरा वर्षांचा होतो. मला वाटलं, बाबांनी आता वावरातही डाव बसवलाय. विहिरीच्या काठावर मी पत्ते शोधत फिरलो होतो.

सिनेमा संपल्यावर बाहेर येऊन आईला फोन लावला. विचारलं, तेव्हा विहिरीवर कशाला पाठवायचीस?

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाजारातून याचा त तुह्या तोंडाले तेल राहे. आलूबोंडा खाऊन याचा तू. मले का माईत नव्हतं?"

मागून बाबांचा खोकला ऐकू आला.

"तिकडे पाणी आला का?" तिनं विचारलं. "इकडे त नाईच अजून."