लेकीच्या वहीतली एबीसी

लेकीच्या शाळेत संगीताच्या तासाला उभ्या बासरीसारखा रेकॉर्डर आणायला सांगितला, म्हणून बोईसरच्या बाजारातून एक प्लास्टिकचा घेतला. वीतभराहून थोडा लांब, पुढे सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. सरांनी वहीत धुनी लिहून दिल्या होत्या त्या नुसत्या इंग्रजी अक्षरांत. मागे डावा अंगठा आणि पुढच्या पहिल्या भोकावर तर्जनी ठेवली की बी. त्यात मधलं बोट टेकवलं की ए, अनामिका टेकवली की जी. संध्याकाळी ती पडवीत बसून वाजवायची आणि मी भाजी निवडत ऐकायचे. हळूहळू भाजी बाजूला राहिली आणि मीच तिच्याशेजारी बसू लागले.

माझे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. सूर म्हटला की माझ्या तोंडी सारेगमच येतं. पेटीची पांढरी एक म्हणजे सी, हे एकदा जुळलं आणि लेकीची वही मला वाचता येऊ लागली. तिला सगळ्यात आधी हवी होती ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची धून, रामिन जवादी यांची. तिच्या वहीत ती ए, डी, एफ, जी या चार अक्षरांभोवतीच फिरत होती. डीला सा धरला की एफ म्हणजे कोमल गंधार. धुनीतली सगळी हुरहूर त्या एका सुरात आहे. आणि बोटांनाही तोच अवघड. आमच्या बरोक बांधणीच्या रेकॉर्डरवर एफ वाजवायचा तर उजव्या हाताची तर्जनी, अनामिका आणि करंगळी खाली, मधलं बोट मात्र वर. लेकीचं मधलं बोट सारखं खाली यायचं. जर्मन बांधणीत हा एफ सोपा असतो, पण मग एफ शार्प नीट लागत नाही.

अक्षरं बोट कुठे ठेवायचं ते अचूक सांगतात. पण किती वेळ ठेवायचं, ते सांगत नाहीत. लेक सगळी अक्षरं एकाच चालीनं वाजवायची आणि वैतागायची, “आई, सगळं बरोबर वाजवलं, तरी ते गाणं वाटतच नाही.” तिचं खरं होतं. मी बाबांची जुनी वही काढली. पंडित भातखंडे यांच्या पद्धतीत सूर लांबवायचा तिथे आडवी रेघ, एका मात्रेत दोन सूर असले तर खाली कमान, वरच्या सप्तकातल्या सुराच्या डोक्यावर टिंब. त्या खुणा आम्ही पेन्सिलीनं लेकीच्या अक्षरांना लावल्या. खाली मात्रांचे आकडे घातले, मांडीवर ताल धरला. धून ओळखू येऊ लागली तेव्हा तिनं पुन्हा पुन्हा वाजवली. नवरा रात्रपाळी करून झोपला होता, म्हणून आम्ही दोघी वाडीत जाऊन बसलो. रेकॉर्डरचे वरचे सूर कानात घुसतात.

‘हॅरी पॉटर’च्या घुबडाची, जॉन विल्यम्स यांची धून मला त्याहून आवडली. ती मूळ पट्टीत खालच्या बीवर सुरू होते आणि या रेकॉर्डरचा सगळ्यात खालचा सूर सी. म्हणजे पहिलाच सूर वाद्यावर नाही. सारेगममध्ये मला ते सोपं गेलं: धून मंद्र पंचमावरून षड्जावर येते, मग सा वर सरकवायचा. सा ए केला, पंचम ई झाला, झालं काम. अक्षरांनी शिकणाऱ्या मुलांना प्रत्येक पट्टीसाठी नवी ओळ लिहून घ्यावी लागते. त्यांना गुणगुणण्यापुरतं तरी सारेगम शिकवावं, असं मला फार वाटतं.

श्वासाचं शिकणं वेगळंच. आमच्या जिल्ह्यात तारपा वाजतो: दुधीचा भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. जव्हारकडचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखे वादक नाचाचा फेर चालू असेपर्यंत श्वास तुटू देत नाहीत. गालातली हवा फुंकत असतानाच नाकानं नवी घेतात. त्यांच्यापुढे कागद कधीच नव्हता. रेकॉर्डरला उलट अगदी हलकी फुंकर लागते, जोर केला की सूर चढतो. खालचा सी तर जवळजवळ उसासा सोडल्यासारखाच काढावा लागतो आणि करंगळी जराशी हलली तरी चिरकतो. श्वास कुठे तोडायचा, हे आम्ही गाणं तोंडानं म्हणून ठरवतो आणि तिथे स्वल्पविराम देतो.

आता मी माझी धून घेतली आहे, ‘आभाळमाया’चं शीर्षकगीत. १९९९मध्ये ती मालिका आली तेव्हा घरोघरी ते ऐकू यायचं. संगीत अशोक पत्कींचं, आवाज देवकी पंडित यांचा. तिची अक्षरं कुणी लिहून दिलेली नव्हती, म्हणून कानानं ऐकून पेटीवर शोधली आणि वहीत उतरवली. पण एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना देवकीताई जी मींड घेतात, तिला अक्षर नाही. बोट भोकावरून झटकन न उचलता कडेकडेनं सरकवलं तर थोडी साधते, जीवरून एवर जाताना बरी, सीच्या आसपास अजिबात नाही. तिथे मी जिभेनं हलका ‘दु’ म्हणून सूर जोडते.

मंडळातले पेटीवाले काका परवा ऐकायला आले. त्यांचं भजन काळी चारला, आमची वही पांढरी एकला. ते म्हणाले, “तुझी नळी काही हलायची नाही, मीच खाली येतो.” गणपतीत आरतीनंतर लेक आणि मी दोघी वाजवणार आहोत. दुसरा रेकॉर्डर आणायचा आहे. आणि लेकीनं काकांसाठी सारेगमची वेगळी ओळ लिहायला घेतली आहे.