पुढचं माहीत नव्हतं तेव्हा

‘फुलमेटल अल्केमिस्ट’चा पहिला खंड कसा वाटला, या प्रश्नाची वीस वर्षांपूर्वीची उत्तरं आणि आजची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली, तर ती एकाच पुस्तकाबद्दल आहेत यावर विश्वास बसत नाही. तेव्हाच्या वाचकाला ही गोष्ट कुठे जाणार याचा पत्ता नव्हता. आजचा वाचक बहुतेक वेळा शेवट ठाऊक असतानाच पहिलं पान उघडतो. मी तेव्हाच्या पिढीतली आहे आणि आमची बाजू कुणीतरी मांडायला हवी असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

हिरोमू अराकावाची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची, मालिका जपानच्या ‘गेक्कान शोनेन गानगान’ या मासिकात २००१ च्या ऑगस्ट अंकापासून सुरू झाली. पहिला खंड जानेवारी २००२ मध्ये आला. मासिकातली मालिका असल्यामुळे प्रकरणं लांबलचक, आणि खंडात फक्त चार. एडवर्ड आणि अल्फॉन्स हे दोघे भाऊ मेलेल्या आईला किमयेच्या जोरावर परत आणायला गेले. त्यात थोरल्याचा पाय गेला, धाकट्याचं अख्खं शरीर गेलं. धाकट्याचा जीव पोलादी चिलखतात बांधून ठेवताना थोरल्याने एक हातही घालवला. आता दोघं परीस शोधत गावोगाव हिंडताहेत. किमयेचा नियम एकच: जे मिळवायचं, त्याच मोलाचं काहीतरी आधी द्यायचं.

पुण्यात जपानी शिकणं ही नवलाईची गोष्ट नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि शहरातल्या कितीतरी छोट्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या लोक ती भाषा शिकत आले आहेत. आमचा वर्ग एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरायचा. तिथे एक काचेचं कपाट होतं. कामानिमित्त जपानला जाऊन आलेले विद्यार्थी सामानातून आणलेले मांगा त्यात ठेवून जायचे. कुठल्या मालिकेचा पाचवा खंड, कुठल्या मालिकेचा अकरावा, सगळी सुटी पुस्तकं. ‘फुलमेटल’चा मात्र नेमका पहिला होता आणि तेवढाच होता. जपानी परीक्षेच्या तेव्हा चारच पातळ्या होत्या आणि तिसरी पास झालेल्याला तीनशेच्या आसपास कांजी (चिनी चित्राक्षरं) यायच्या. मुलांच्या मांगात प्रत्येक कांजीच्या बाजूला बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, म्हणून आमच्यासारख्यांचं निभावायचं. तरीही एकेक पान वाचायला वेळ लागायचा. शब्दकोश मांडीवर, पुस्तक उजवीकडून डावीकडे, आणि समासात पेन्सिलीने कुणीतरी आधी लिहून ठेवलेले अर्थ.

त्या कपाटात पुस्तकांबरोबर एक शंभर पानी वहीही असायची. पुस्तक परत केलं की त्यावर आपलं मत लिहायचं, जमलं तर जपानीत, नाहीतर मराठीत. आमच्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, ती वही घरी नेऊन लाल शाईने तपासायच्या. ‘वा’च्या जागी ‘गा’ हवा, क्रियापदाचं रूप चुकलंय, एवढंच त्या बघायच्या. मताला कधी हात लावला नाही. त्या लाल खुणांखाली आमची भांडणं मात्र जशीच्या तशी राहायची.

पहिल्या दोन प्रकरणांवर सगळ्यात जास्त लिहिलं गेलं होतं. वाळवंटातलं एक गाव आहे, तिथे सूर्यदेवाचा एक पुजारी चमत्कार दाखवतो, आणि रोझ नावाच्या मुलीला वचन देतो की तुझा मेलेला प्रियकर मी परत आणीन. एडवर्ड त्याचं बिंग फोडतो, तेही युक्तीने: पुजारी खाजगीत कबुली देत असताना ती ध्वनिक्षेपकावरून गावभर ऐकू जाते. आता हे पुण्यातल्या मुलांनी वाचलं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यक्रमांची आठवण येणारच. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या त्या कामातली चमत्कारांमागची हातचलाखी उलगडून दाखवणारी प्रात्यक्षिकं आमच्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या पटांगणात बघितली होती. वहीत एकाने लिहिलं होतं की हा एडवर्ड म्हणजे आपल्यातलाच कार्यकर्ता. त्याच्याखाली दुसऱ्या हाताने उत्तर होतं: मग रोझचं काय? तिचा आधार काढून घेतला आणि तू स्वतःच्या पायांवर चाल म्हणून सांगून हा पुढच्या गाडीने निघून गेला. तिला काय दिलं याने? पुढची दोन पानं याच वादाने भरली होती. कुणी म्हणत होतं खोटा आधार काढणं हेच देणं आहे, कुणी म्हणत होतं ही पंधरा वर्षांच्या मुलाची निष्ठुरता आहे.

लेखिकेला पुढे काय करायचंय हे आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून आम्हाला या प्रश्नाशी स्वतःच झटावं लागलं. रोझ परत येईल का, त्या गावाचं पुढे काय होईल, याचं उत्तर कुठे बघायची सोय नव्हती. पुस्तक एवढंच आणि आपण एवढेच.

तिसऱ्या प्रकरणावरचा वाद वेगळा होता आणि मला तो आजही सगळ्यात आवडतो. कोळशाच्या खाणीचं गाव. तिथला लष्करी अधिकारी खाणकामगारांना पिळून काढतो. एडवर्ड सरकारी किमयागार आहे हे कळल्यावर खानावळवाला त्याला बाहेर काढतो, अल्फॉन्सला मात्र राहू देतो. मग एडवर्ड खाणीतल्या टाकाऊ ढिगाऱ्याचं सोनं करतो, ते त्या हावरट अधिकाऱ्याला देऊन खाणीचे हक्क घेतो आणि ते कागद खानावळवाल्याला एका रात्रीच्या राहण्या-जेवण्याच्या मोबदल्यात देऊन टाकतो. सोन्याची नंतर पुन्हा माती होते. वहीत कुणीतरी तळमळीने लिहिलं होतं की हा तर सरळ नियमभंग झाला, समान मोबदला कुठाय? एका रात्रीच्या भाड्यात खाण? त्यावर एका वाणिज्य शाखेच्या मुलीने, अक्षरावरून ओळखू यायची ती, उत्तर दिलं होतं की ज्याच्याकडून पिळून काढलेलं होतं त्याला ते परत मिळालं, हिशेब तिथेच मिटला.

अराकावाबद्दल मला नंतर जे कळलं त्यामुळे हे प्रकरण माझ्या मनात आणखी पक्कं झालं. ती होक्काइदोच्या दूध उत्पादक शेतकरी घरातली. शाळा संपल्यावर सात वर्षं तिने घरच्या गोठ्यात आणि शेतात काम केलं आणि मग १९९९ मध्ये ती तोकियोला गेली. पुस्तकात स्वतःचं चित्र काढायचं तर ती चष्मा लावलेली गाय काढते. तिच्या पहिल्या खंडात माणसं सतत जेवतात, भाडं मागतात, घासाघीस करतात, कामावरून थकून येतात. किमयेचा नियम तिला कुठल्या ग्रंथात सापडलेला नाही. जो राबत नाही त्याला खायला मिळत नाही हे ती लहानपणापासून बघत आली होती. परीकथेत एवढं रोजचं जगणं मी त्याआधी वाचलं नव्हतं.

चौथं प्रकरण आगगाडीतल्या मारामारीचं. त्यावर वहीत फारसं काही नव्हतं. मजा आली, लष्करातला किमयागार रॉय मस्टँग चुटकी वाजवतो तेव्हा भारी वाटलं, बस. आणि एकंदर निकाल असा की चित्रं अजून कच्ची आहेत, चेहरे गोल गोल आहेत, विनोद जरा जास्त आहे, खलनायक सरधोपट आहेत, पण लेखिकेकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. बघू पुढे काय करते ते.

या ‘बघू’ला तेव्हा वजन होतं. जपानमध्ये तर त्यावर मालिकांचं भवितव्य ठरायचं. मासिकांतून मतपत्रिकेची पोस्टकार्डं यायची, वाचक आपल्याला आवडलेल्या मालिकांची नावं लिहून ती टपालात टाकायचा, आणि संपादक ती मोजायचे. ‘शोनेन जंप’सारख्या साप्ताहिकात तर या कार्डांच्या जोरावर नवी मालिका तगायची किंवा काही आठवड्यांत बंद पडायची. सुरुवातीच्या प्रकरणांवरचं मत म्हणजे एका अर्थाने मतदान होतं. आमच्या वहीतली मतं जपानपर्यंत पोचणार नव्हती, तरी आम्ही तितक्याच जबाबदारीने लिहायचो.

दुसरा खंड कपाटात यायला बराच काळ गेला. तो आला आणि वहीतलं वातावरणच बदललं. कारण दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला, म्हणजे पाचव्या प्रकरणात, शौ टकर आणि त्याची चिमुरडी नीना येते. ज्यांनी वाचलंय त्यांना अधिक सांगायला नको. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांना मी सांगणार नाही. एका मुलाने पहिल्या खंडावर ‘लहान मुलांसाठी हलकंफुलकं’ असं लिहिलं होतं. काही महिन्यांनी त्याच ओळीखाली त्यानेच वेगळ्या शाईत लिहिलं, ‘हे मत मागे घेतो.’ तारीख घालून. सेन्सेईंनी त्या ओळीला लाल शाई लावलीच नाही.

आता माझी भाची. ती दहावीत आहे आणि तिच्या वर्गातली निम्मी मुलं मांगा वाचतात. पुण्याच्या कुठल्याही मोठ्या पुस्तकाच्या दुकानात मांगाचं वेगळं कपाट असतं, आणि त्यात पहिला खंड, दुसरा, तिसरा असे ओळीने. याचा मला मनापासून आनंद होतो. तिने ‘फुलमेटल’ विकत घेतलं ते इंग्रजी तीन-एकत्र आवृत्तीत. त्या आवृत्तीत मूळ सत्तावीस खंड नऊ जाडजूड पुस्तकांत बसवले आहेत. तिचा ‘व्हॉल्यूम वन’ म्हणजे माझे तीन खंड. आम्ही आगगाडीपाशी थांबून महिनोन्‌महिने तर्क लढवले, आणि तिने त्याच बैठकीत पान उलटलं आणि नीनापाशी पोचली. शिवाय २००९ ची ‘ब्रदरहूड’ ही चौसष्ट भागांची ॲनिमे मालिका तिने आधीच बघितलेली. त्यामुळे आज पहिल्या खंडाबद्दल जी मतं मिळतात त्यांत ‘सुरुवात जरा संथ आहे, पण दम धरा, पुढे जबरदस्त होतं’ हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच. मला ते वाक्य खटकतं. ते पहिल्या खंडाला नुसता उंबरठा ठरवतं. रोझचा प्रश्न तिथेच, त्या चार प्रकरणांतच पुरेसा मोठा आहे.

पण भाचीच्या वाचनात जे आहे ते आमच्याकडे नव्हतं, हेही खरं. पहिल्या खंडात सहज येऊन गेलेली माणसं तिला ओळखीची वाटतात. खाणीच्या गावातला तो हावरट अधिकारी, योकी, आमच्यासाठी शिक्षा होऊन गेलेला खलनायक होता. तिला तो पुढे कसा होतो हे माहीत आहे, त्यामुळे ती त्याच्याकडे बघून मायेने हसते. पुजाऱ्याच्या अंगठीतल्या दगडाकडे तिने ज्या नजरेने बघितलं तसं आमच्यापैकी कुणी बघितलं नव्हतं. “मावशी, हे सगळं पहिल्याच पुस्तकात होतं? आणि तुम्हाला कुणालाच दिसलं नाही?” तिने विचारलं. नव्हतं दिसलं. दिसायला सत्तावीस खंड लागले.

तिचं सगळ्यात आवडतं प्रकरण कोणतं विचारलं, तर ती म्हणाली, कोळशाच्या खाणीचं. ‘ब्रदरहूड’ने ते प्रकरण जवळजवळ गाळून टाकलंय, त्यामुळे गोष्टीचा तो तुकडा तिला आधी ठाऊक नव्हता. सोन्याची माती झाली तेव्हा ती मोठ्याने हसली आणि पुढे काय होतं म्हणून खानावळीच्या पानावर बोट ठेवून थांबली. मग तिने मला विचारलं की एका रात्रीच्या भाड्यात खाण देणं हे नियमात बसतं का. मी तिला वहीतले दोन्ही पक्ष सांगितले. तिला तिसरा सुचला: कोळशाच्या गावात सगळ्यात महाग गोष्ट खाण नव्हतीच, एका परक्या सरकारी माणसाला घरात घेऊन जेवू घालणं ही होती, आणि तेवढं मोल खानावळवाल्याने दिलं. आमच्या वहीत हे मत असायला हवं होतं.

अराकावाची नवी मालिका ‘योमी नो त्सुगाई’ त्याच ‘गानगान’मध्ये २०२१ च्या डिसेंबरपासून येते आहे. पहिला खंड मी जपानीत मागवला, तिने इंग्रजीत. डोंगरातलं जुन्या काळचं वाटणारं खेडं, शिकार करणारा युरू, त्याची जुळी बहीण आसा, आणि गाव कुठल्या शतकात आहे असा अंदाज आपण बांधत असतानाच डोक्यावरून हेलिकॉप्टर येतं. आम्ही दोघींनी ठरवून शेवटाचा शोध घेतलेला नाही. घ्यायचा म्हटला तरी तो अजून लिहून झालेला नाही. भाचीचं म्हणणं आहे की गावकरीच खोटं बोलताहेत. मला वाटतं की गावापेक्षा त्या दोन मुलांच्या आईवडिलांवर नजर ठेवावी. आमचं यावर एकमत झालेलं नाही, आणि या रविवारी ती पुन्हा यायची आहे.