चावीचा कॅमेरा

दोस्तांनो, आपल्या माणसांचे फोटो कुठं असतात? रेशनकार्डावर, गिरणीच्या गेटपासवर, पोलिसांच्या फायलीत. आणि मेल्यावर भिंतीवर, हार घालून. सगळे ताठ, सगळे समोर बघणारे. माझा आजोबा चालायचा कसा, हसायचा कसा, हे दाखवणारा एक तुकडा कुठं नाही.

म्हणून मी चोरबाजारातून सिनेमाचा कॅमेरा घेतला. क्वार्ट्झ नावाचा, सोव्हिएत काळातला, आठ मिलिमीटरचा. याला वीज लागत नाही. चावी भरायची नि बटण दाबायचं.

असला कॅमेरा घेताना दुकानदाराच्या तोंडाकडं बघू नये. पाठ उघडावी, रिकामाच चालवावा, घरघर ऐकावी. ती शेवटपर्यंत एकसारखी पाहिजे. रिंगखात्यात राबणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. शेकडो चात्यांच्या कल्लोळात बिघडलेली एक चाती आमच्या कानाला बरोबर लागते. मग भिंग उजेडात धरावं. मुंबईच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, कोळिष्टकासारखी. तसला कॅमेरा सोडून द्यावा. सेलवर चालणारा असेल तर सेलच्या घरात हिरवा गंज आहे का, ते बघावं.

दुकानदार म्हणाला, "शोपीस है भाई, चलाने का नहीं."

मी म्हटलं, "मेरे को चलाने का ही है."

त्यानं वर तीन जुनी रिळं टाकली. कुणाच्या तरी बंगल्यातली. वाढदिवस, हिरवळ, कुत्रा, समुद्र. मी भिंगाखाली धरून चौकट न् चौकट बघितली. एका रिळात पाळण्यामागं एक बाई उभी आहे. चौकटीनं तिचं अर्धं डोकं कापलंय. ती मूल खाली ठेवते आणि बाहेर निघून जाते. तिला कुणी हाकललेलं दिसत नाही. कुठून बाहेर व्हायचं, ते तिला ठाऊक आहे. आख्ख्या रिळात आपलं वाटावं असं माणूस तेवढंच. चार पावलं.

कॅमेरा ज्याच्या हातात, चौकट त्याची. हे नामदेव व्हटकरांनी ओळखलं होतं. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहावरून निघाली, दादरच्या चौपाटीवर पोचली. व्हटकरांनी पदरमोड करून ती फिल्मवर घेतली. म्हणून तो माणसांचा सागर आज आपल्याला दिसतो. नाहीतर 'लाखो लोक होते' एवढंच आपण सांगत बसलो असतो आणि ऐकणारा म्हणाला असता, असतील.

कुणी म्हणेल, आता खिशाखिशात मोबाइल आहे, हा डबा कशाला? खरं आहे. मोर्चात, लाठीमारात, अत्याचाराच्या जागी मोबाइलच पाहिजे. तिथं चावी भरत बसायला वेळ नसतो. पण माझ्या मोबाइलमध्ये हजार व्हिडिओ आहेत नि मी एकही परत बघितलेला नाही. या कॅमेऱ्यात २५ फूट फिल्म बसते. अर्ध्यावर रीळ उलटून घालायचं. सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर सगळे मिळून चार मिनिटं. एका चावीत अर्धं मिनिट. फिल्म झेक देशातल्या फोमा कंपनीची, ती मागवायची म्हणजे पगाराला भोक. एवढं महाग असल्यावर माणूस आधी विचार करतो, कुणाला घ्यायचं? आणि धुतलेली फिल्म नुसती उजेडात धरली तरी चित्र दिसतं. पासवर्ड लागत नाही.

मी आजीला घेतलं. चारी मिनिटं तीच.

घरीच बादलीत फिल्म धुतली. अंधारात पहिलं डेव्हलपर, मग ब्लीच, मग उजेड दाखवून दुसरं डेव्हलपर, शेवटी हायपो. वाळल्यावर उभी कापून दोन पट्ट्या जोडल्या. मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर बुद्धविहाराच्या भिंतीवर दाखवली. फिल्म मुकी. पहिल्या चावीत आजी ताठ उभी, हात मांड्यांना चिकटलेले. ओठ हलतात.

पोरांनी कालवा केला, "आजी, काय बोलतीस?"

आजी पुढंच बसली होती. म्हणाली, "इचारते, हालू का रं?"

सत्तर वर्षांत ज्यानं ज्यानं तिचा फोटो काढला, त्यानं तिला हालू नको म्हणूनच सांगितलं होतं. दुसऱ्या चावीत ती हलते. पदर खोचते, चुलीकडं जाते, वळून मला शिवी देते. विहारात हशा पिकला. काही बाया रडल्या.

दोस्तांनो, आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांची यादी करा. नामांतरासाठी चाललेली, १९८२ च्या संपात उपाशी राहिलेली, नुसतीच जगलेली. चावीचा कॅमेरा मिळाला तर तो घ्या, नाहीतर मोबाइल घ्या. पण चौकटीच्या मधोमध उभं करा त्यांना. आणि सांगा, हाला. लौकर करा. यादीतली नावं थांबत नाहीत.