काळा काळाच दिसू द्या

माहीमच्या रेतीबंदरावर समुद्राकडे पाठ करून गाडी उभी केली, की कॅमेऱ्यापुढे दिवस आणि रात्र एकदमच येतात. मागे वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सूर्य टेकलेला असतो, पाण्याकडे बघवत नाही, आणि गाडीत डॅशबोर्डखाली हात घातला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. आपल्याला यातलं काही खटकत नाही. नजर आकाशाकडे गेली की डोळ्याची बाहुली आकसते, गाडीत डोकावलं की मोठी होते, आणि या सगळ्या नजरा जोडून मेंदू एक चित्र उभं करतो. कॅमेऱ्याला मात्र एका क्लिकला एकच नजर मिळते. आकाश सांभाळलं तर गाडी काळी ठिक्कर पडते. गाडी सांभाळली तर आकाश पांढरंफटक.

या अडचणीपायीच मी एचडीआरकडे वळले आणि गाड्यांमुळे तिथेच रमले. हाय डायनॅमिक रेंज हे नाव भारदस्त असलं, तरी हातातलं काम साधं आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा. अ‍ॅपर्चर एफ ८ वर, आयएसओ १०० वर ठेवायचा, फोकस हाताने लावून तसाच ठेवायचा. मग फक्त शटरचा वेग बदलत तेच दृश्य पाच वेळा टिपायचं: सेकंदाचा हजारावा भाग, अडीचशेवा, साठावा, पंधरावा, चौथा. पहिल्या फोटोत सूर्याभोवतीचे ढग सापडतात, शेवटच्यात सीटखालचा पायपुसणीचा तुकडा. अ‍ॅपर्चरला हात लावायचा नाही, कारण ते बदललं की पुढचं-मागचं किती स्पष्ट दिसणार तेही बदलतं आणि पाच फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत.

उजेड मोजायचं आमचं माप म्हणजे स्टॉप. एक स्टॉप वर गेलं की उजेड दुप्पट. दहा स्टॉप म्हणजे १०२४ पट. आजचे चांगले कॅमेरे कागदोपत्री तेरा-चौदा स्टॉप एका फोटोत पकडतात, पण त्यातले खालचे दोन-तीन स्टॉप खरखरीत, दाणेदार येतात. आणि गाडीचा सगळा जीव नेमका त्या खालच्या स्टॉपमध्ये असतो: चाकांच्या कमानीत, सीटच्या शिवणीत, जाळीच्या मागे.

माझा हात बसला तो काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीवर. या तंत्रासाठी हिच्याइतकी कठीण आणि हिच्याइतकी मोलाची गाडी मला दुसरी माहीत नाही. अंग काळं, टप पिवळा, बंपर आणि जाळी क्रोमची, काचा उभट आणि मोठ्या. उन्हात टप पेटतो, बंपरवर सूर्याचा ठिपका येतो, आणि दार मात्र सावलीत बुडालेलं. एकाच गाडीवर इतक्या टोकाचे उजेड क्वचित मिळतात. शिवाय ती इथलीच. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली १९६४ पासून. पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं, तरी माहीम-दादरची जुनी माणसं तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लागून गिअरचा दांडा, पुढे सलग बाकासारखी सीट.

मुंबईत टॅक्सी वीस वर्षांची झाली की तिला रस्त्यावरून उतरावं लागतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती २९ ऑक्टोबर २००३ रोजी, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात एकही उरली नाही. शेवटची दोन-तीन वर्षं मी लेडी जमशेटजी रोडवर, मोरी रोडच्या तोंडाशी, शीतलादेवीच्या आसपास कुठे पद्मिनी दिसली की थांबून विचारायचे. बहुतेक चालक हो म्हणत. भाड्याचा वेळ खाल्ला तर त्याचे पैसे द्यावेत, हा माझा नियम होता आणि आजही आहे.

त्यातले एक काका मनात राहिले आहेत. गाडी रेतीबंदरला लावून मी ट्रायपॉड उघडत होते, तेवढ्यात त्यांनी डिकीतून फडकं काढलं आणि बॉनेट पुसायला घेतलं.

"काका, राहू द्या ना धूळ. छान दिसतेय."

"छान काय? पंधरा दिवस झाले रंग मारून. ताई, एक करा. काळा काळाच दिसू द्या. मागे एका पोराने मोबाइलवर काढला, तर गाडी राखेत लोळल्यासारखी आली."

मग ते आत बसले. मी म्हटलं, पाच वेळा आवाज होईल, तेवढं हलू नका. त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि श्वास रोखून धरला. पाच फोटोंत माणूस थोडा जरी हलला, तरी जोडणीत त्याची भुतं होतात, एका कानाचे दोन कान होतात. काका हलले नाहीत. मीटरच्या लाल आकड्यांनी मात्र दगा दिला. ते आकडे सलग पेटलेले नसतात, फार वेगाने पाळीपाळीने लुकलुकतात, त्यामुळे हजाराव्या भागाच्या फोटोत अर्धेच उमटतात. ते मला साठाव्या भागाच्या फोटोतून उचलावे लागले. पाणीही एकाच फोटोतून घेते, कारण पाच लाटा एकमेकींवर चढवल्या तर समुद्र समुद्र राहत नाही, नुसतं धुकं होतं.

घरी येऊन फोटो जोडले, तेव्हा डोळ्यांनी तिथे न पाहिलेलं पुष्कळ काही दिसलं. छताला फुलाफुलांचं रेक्झिन, एका कोपऱ्यात ते दाभणाने शिवलेलं. डॅशबोर्डवर बोटभर गणपती, त्याच्यापुढे उदबत्तीची राख. क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूने पार झिजून खालचा पत्रा चकचकीत झालेला. इतकी वर्षं एकच पाय तिथे पडत होता, हे त्या पत्र्याच्या चकाकीत दिसत होतं. नुसत्या फ्लॅशने हे येत नाही. फ्लॅश मारला की पत्रा पांढरा होतो, राख सपाट होते आणि संध्याकाळ निघून जाते.

खरं कसब जोडणीनंतर लागतं. जोडलेल्या फाइलमध्ये वीसच्या आसपास स्टॉप असू शकतात, आणि चकचकीत कागदावरच्या छापील फोटोला जेमतेम सहा-सात झेपतात. आठ माणसांचं जेवण एका माणसाच्या डब्यात बसवायचं, तर काय भरायचं आणि काय ठेवून द्यायचं हे कुणीतरी ठरवावंच लागतं. या ठरवण्याला टोन मॅपिंग म्हणतात. सॉफ्टवेअर ते एका बटनात करून देतं आणि तिथेच एचडीआरची बदनामी झाली. वीसेक वर्षांपूर्वी जी लाट आली, तिच्यात ढग उकळताना दिसायचे, गाड्या प्लास्टिकच्या वाटायच्या आणि टपाच्या कडेने पांढुरकी झिलई धावायची. सावलीतलं सगळं दिसतंय ना, मग ते वर ओढा, हा त्यामागचा हिशेब.

माझ्या मते तो हिशेबच चुकीचा आहे. उजेडाची एक उतरंड असते आणि ती मोडता कामा नये. बाहेर सावलीत असलेलं दार गाडीच्या आतल्या सीटपेक्षा उजळ असलंच पाहिजे. सीट दारापेक्षा उजळ झाली, की पाहणाऱ्याला नेमकं काय बिनसलं ते सांगता येत नाही, पण फोटो खोटा आहे हे कळतं. म्हणून मी आधी टायर बघते. मडगार्डच्या आतला टायर हा फोटोतला सगळ्यात गडद भाग. त्याच्या वर दार, दाराच्या वर बॉनेटचा आकाश झेलणारा भाग, मग पिवळा टप, शेवटी क्रोमवरचा सूर्य. हा क्रम जपून सावली जेवढी उघडेल तेवढीच उघडायची. काकांचं म्हणणं यात तंतोतंत बसतं. काळ्या रंगात आकाश दिसावं, बॉनेटची घडी दिसावी, रंगाऱ्याने ब्रशने झाकलेला पोचा दिसावा, आणि तरी तो काळाच राहावा.

ही धडपड कॅमेऱ्याच्या बालपणापासूनची आहे. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे १८५०च्या दशकात समुद्राचे फोटो काढत होते. त्या काळच्या रसायनाला निळा रंग फार लवकर लागायचा, त्यामुळे पाणी नीट आलं की आकाश जळून जायचं. त्यांनी काही फोटोंत आकाशाची एक काच, समुद्राची दुसरी काच वापरली आणि क्षितिजावर दोन्ही जोडून छापली. माहीमच्या किनाऱ्यावर मी करते ते याहून फार वेगळं नाही. त्याला गणिताची नवी बैठक दिली १९९७ मध्ये बर्कलेच्या पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी. मलिक जन्माने मथुरेचे, शिकले कानपूरच्या आयआयटीत. शटरचा वेग बदलत काढलेल्या साध्या फोटोंवरून दृश्यातला मूळ उजेड किती होता, ते त्यांनी काढून दाखवलं. पुढच्या वर्षी डेबेवेक यांनी चकचकीत गोळ्याचे असेच फोटो घेऊन आजूबाजूचा सगळा उजेड त्या गोळ्यातून टिपला.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पद्मिनीची चाकावरची क्रोमची टोपी आली. तीही फुगीर, तीही आरसा. गुडघ्यावर बसून तिचे पाच फोटो घेतले, तर वितीएवढ्या जागेत अख्खा माहीम मिळतो: वर आकाश, एका कडेला वाकलेला सेतू, पलीकडे किल्ल्याची काळी भिंत, कोळीवाड्याच्या होड्या आणि मधोमध ट्रायपॉडमागे बसलेली मी. गाडीच्या फोटोत स्वतःला लपवण्यासाठी लोक बरेच कष्ट घेतात. टोपीत मी स्वतःला राहू देते. दारावर मात्र नको, तिथे मी बाजूला सरकते.

अशी नको असलेली प्रतिबिंबं आवरायला पोलरायझर फिल्टर कामाचा आहे. काचेवरची आणि रंगावरची झळाळी तो कापतो, उघड्या क्रोमवर मात्र त्याचं काही चालत नाही. पूर्ण फिरवला तर पुढच्या काचेवरचं आकाश निघून जातं आणि काच बसवलीच नाही असं वाटतं. मी अर्धा फिरवते. आत गणपती दिसला पाहिजे, वर काचेवर नारळाची झावळीही दिसली पाहिजे.

ऋतूचंही पाहावं लागतं. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो, तेव्हा गाडी काढूच नये. पावसाळ्यात ढगांमुळे उजेड सगळीकडून सारखा येतो, तीन फोटो पुरतात, आणि ओल्या रस्त्यात गाडीचं खालचं अंगही उजळतं. डिसेंबरातल्या माहीमच्या जत्रेत संध्याकाळी पाळण्यांचे रंगीत दिवे बॉनेटवर येतात. तेव्हा पाळणा फिरत असतो, म्हणून बॉनेट एका फोटोतून आणि बाकी गाडी जोडणीतून.

आता प्रत्येक मोबाइल न विचारता एचडीआर करतो. सोय म्हणून मला तो आवडतो. पण अंधार दिसला की उजळायचा, एवढंच तो गृहीत धरतो, आणि काळ्या गाडीला त्याने राखाडी केलं नाही असं फार कमी वेळा होतं. सगळे मूळ फोटो मी वेगळे, न जोडता जपून ठेवते, कारण जोडणीची साधनं दरवर्षी सुधारतात. काकांना मॅट कागदावर प्रिंट दिली. त्यांनी ती उन्हात धरली, मग गाडीच्या दाराला लावून रंग ताडून पाहिला आणि म्हणाले, "हां, जमलं."

आजच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी पद्मिनी नाहीत. बंपर प्लास्टिकचे, क्रोम नावाला, त्यामुळे उजेडाची टोकं कमी आणि काम सोपं. पण आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाने स्वतःची पद्मिनी जपली आहे, साय रंगाची, आजोबांच्या वेळची. येत्या डिसेंबरात ती रेतीबंदरला न्यायचं ठरलं आहे, कारण तेव्हा सूर्य वरळीच्या बाजूला बुडतो आणि उजेड गाडीच्या कुशीवर तिरका पडतो. मेमध्ये तो वांद्र्याकडे सरकलेला असतो. साय रंग काळ्याच्या नेमका उलट वागतो, आधी तोच जळतो. पाच फोटोंच्या अलीकडे आणखी एक घ्यावा लागेल, सेकंदाच्या चार हजाराव्या भागाचा.